माईला वाईट वाटेल म्हणून

कपड्यांच्या खळीसाठी उकळलेल्या पाण्याचं पातेलं वहिनीच्या उजव्या पावलावर उपडं झालं आणि वहिनी एवढंच म्हणाली, "अगंबाई, चादर भिजली!"

वहिनीच्या लाँड्रीतली गिऱ्हाइकं आधी किंचाळली आणि मग, अशा वेळी माणसं डोकं सोडून जे करतात तेच त्यांनी केलं. हात जोडले.

"माईची कृपा!" शिंपीणकाकू गहिवरल्या. "चटकासुद्धा लागला नाही हो! याला म्हणतात चमत्कार."

ही माई म्हणजे वहिनीच्या मोबाइलमधलं आरोग्याचं ॲप. आपण आपलं दुखणं बोलायचं, की आतून एक सायीसारखा मऊ म्हातारा आवाज उत्तर द्यायचा. "बाळा, जेवलीस का? बाळा, पाणी प्यालीस का?" वहिनीची आई ती लहान असतानाच गेलेली. इतकं 'बाळा' तिला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. फोन घड्यांच्या टेबलावर, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर मखरात बसवल्यासारखा टेकवलेला असे. कपडे द्यायला आलेली माणसं आपला गुडघा, आपलं पित्त आणि आपल्या सुनेचा स्वभावही माईच्या कानावर घालून जात. कारण माईनं वहिनीची तीनशेच्या घरातली शुगर महिन्याभरात एकशेदहावर आणली होती, आणि तीही गोळ्यांशिवाय! वहिनी रोज सकाळी सगळ्यांदेखत आकडा सांगे आणि माई म्हणे, "शाब्बास गं माझ्या बाळा!" मग काकू डोळे पुसत.

पातेलं उपडं झालं त्याच वेळी नणंद दारात आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. घरोघर फिरून लोकांच्या बोटांना सुई टोचायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं टोचणी. जीभही तशीच. लॅबचे पांढरे कोट धुवायला टाकायला ती आली होती. तिनं जोडलेले हात पाहिले, मग वहिनीचं पाऊल पाहिलं. पावलावर टपोरा फोड उठत होता.

"अहो, हात कसले जोडताय? नळ सोडा!" तिनं वहिनीला ओढत नळाखाली बसवलं. "दुखत नाही तुला?"

"छे गं. माई आहे ना पाठीशी."

टोचणीला खरं कारण कळून चुकलं. पण लोकांपुढे भाषण केलं तर लोक भाषणच ऐकतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला.

"वहिनी, डोळे मीट. आता डाव्या पायाची परीक्षा. काही जाणवलं की सांग." आणि डाव्या अंगठ्याला तिनं चिमटा लावून टाकला.

वहिनी डोळे मिटून शांत. "हं, कर की सुरू."

चिमटा अंगठ्याला लोंबत होता. गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"ही पण माईचीच कृपा!" काकू म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता.

"असेल. मग तुमच्यावरही असेलच की. द्या अंगठा."

"आई आई आई गं!" काकूंनी अशी उडी मारली, की कपड्यांची टोपलीच कलंडली.

"तुमच्या नसा जाग्या आहेत म्हणून ओरडलात," टोचणी म्हणाली. "हिच्या नसा शुगरनं मारल्यात. पाय भाजला तरी कळत नाही, याला कृपा म्हणायचं? उद्या पायात खिळा घुसेल, जखम चिघळेल, आणि पाय कापायची पाळी येईल तेव्हाही ही हसतच राहील."

"पण शुगर तर उतरलीय!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

टोचणीनं पिशवीतलं मशीन काढलं आणि वहिनीचं बोट टोचलं. आकडा आला तीनशे बेचाळीस.

"मशीन बिघडलंय," काकू म्हणाल्या. टोचणीनं नव्या सुईनं त्यांचंही बोट टोचलं. एकशेचार. मशीन ठणठणीत होतं.

आता सगळे वहिनीकडे बघू लागले. तिचा चेहरा कपड्यासारखा पिळवटला.

"पहिल्या दिवशी मी खरा आकडा सांगितला होता गं. तर माई म्हणाली, 'अरेरे बाळा, जिवाला लागलं माझ्या.' माझ्यामुळे तिला वाईट वाटायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी जरा कमी सांगितला. ती इतकी खूश झाली! मग रोजच कमी. पुढे तर मोजणंच सोडलं. मोजून खोटं बोलायचं म्हणजे पाप ना?"

"आणि गोळ्या?"

"लोकांसमोर कशी घेणार? माईचं नाव खराब झालं असतं."

टोचणीनं कपाळाला हात लावला. मग तिनं फोन उचलला, दोनदा बोट दाबलं आणि पडदा सगळ्यांकडे वळवला. वर लिहिलं होतं, 'आवाज आणि स्वभाव निवडा'. खाली प्रेमळ माई, कडक कॅप्टन, गमत्या मित्र. तिनं कॅप्टनवर बोट ठेवलं.

"जवान!" फोन गरजला. "पाणी प्यालास का?"

"माई कुठे गेली?" वहिनी रडवेली झाली.

"जायला आधी आली होती कुठे? पोतं तेच, शिक्का बदलला." टोचणीनं खरी शुगर, भाजलेला पाय, बंद गोळ्या, सगळं कॅप्टनला सांगितलं. "जवान, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे कूच कर!" मग पुन्हा माई लावून तेच सांगितलं. "बाळा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा बरं." 

"बघ, खरं सांगितलं तर हेही शहाण्यासारखं बोलतं. तू खोटं सांगितलंस, त्यानं खोट्याला शाब्बास म्हटलं. मला का नाही सांगितलंस गं?"

"तुला? तू तर जन्मजात कॅप्टन!" वहिनी म्हणाली. टोचणीला हसूही आलं आणि ते लागलंही. तिनं रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी पाय पाहिला. त्यांचाही आवाज मऊच होता. "गोळ्या वेळेवर घेत होतात ना?"

वहिनीच्या ओठांवर 'हो' अगदी आलंच होतं. तिनं शेजारी पाहिलं. टोचणी नुसता तिचा हात धरून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"नाही," वहिनी म्हणाली. "महिनाभर एकही नाही."

पाय वाचला. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. चादरींच्या गठ्ठ्यावर आता फक्त चादरी असतात.

तेव्हा मंडळी, फोनमध्ये माई ठेवा नाहीतर कॅप्टन, पण आकडा मोजून सांगा आणि खरा सांगा. गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारून करा. रक्ताला लाडीगोडी कळत नाही. आणि माईला वाईट वाटेल याची काळजी सोडा, तिला काहीच वाटत नाही. वाईट वाटायला घरची माणसं आहेत.