दोनदा वाजलेली पट्टी

नवी पेठेतल्या आमच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक चप्पल काढायच्या आत आम्ही त्याला जोखतो. घेणारं असेल तर गप्प. नुसत्या घड्या मोडायला लावून जाणारं असेल, तर ज्यानं ओळखलं त्यानं लोखंडी मीटरपट्टी काउंटरवर दोनदा वाजवायची. म्हणजे हिच्यामागं दमू नका. अठरा वर्षांत माझा अंदाज फार तर पाचदा चुकला असेल.

उन्हाळ्यात शिवलीला कामाला लागली. अक्कलकोट रोडकडची, बावीस वर्षांची, साडी दाखवताना गिऱ्हाइकाचीच माफी मागणारी. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आत शिरली आणि शेठच्या भाच्यानं, नंदीशनं, पट्टी वाजवली.

"हा माल खपायचा न्हाई बगा, सोनाबाई!" तो मला म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. मग ते रोजचंच झालं. नंदीश दिवसाला पाच-सहा वेळा, बाकीचे अधूनमधून. मी दोनदाच. भाच्याला अडवणार कोण?

श्रावणात ती सारखी मागं वळून बघायला लागली.

"मावशी, समोरच्या सोनाराला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"त्योबी वाजवतोय की."

सोनार हातोडी वाजवणार नाही तर काय करणार? मी हसण्यावारी नेलं. पुढं त्यात रिक्षावाल्याचा हॉर्न आला, मग घरातला ठिबकता नळ. आई पळी पातेल्यावर आपटते, तीही दोनदाच, म्हणून तिनं घरचं जेवण सोडलं.

"मावशी, येवढ्या लोकांना कसं कळलं वो, मी बिनकामाची हाय ते?"

लोक वाजवतात याचं तिला नवल नव्हतं. त्यांना कळलं कसं, एवढाच तिचा प्रश्न.

तिची आई निंगव्वा दुकानात येऊन रडली. अब्रूला जपणाऱ्या रुद्रप्पा शेठनं सिद्धरामेश्वरांच्या फोटोपुढची विभूती शपथेसाठी एकेकाच्या हातावर ठेवली. या दुकानात कुणीही, कधीही, हिच्यावर पट्टी वाजवली नाही, म्हणा. नंदीश म्हणाला. सगळे म्हणाले. मीही. शिवलीला प्रत्येकाचं तोंड निरखत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं येणं बंद केलं. आईनं दवाखान्यात चल म्हटलं की म्हणे, डॉक्टरही त्यांच्यातलाच.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ती दाराआडूनच बोलली.

"कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी न्हाई. दुकानातलं वाजवणं खरं होतं, पोरी. शपथ खोटी. मीबी वाजवलीय, दोनदा."



"तीनदा," ती म्हणाली. "राखीच्या दिवशी एकदा."

आठवलं मला. "बरं, तीनदा."

"आन् नळ?"

"नळ मला ऐकू येत न्हाई. खोटं बोलायचं असतं तर आज हितं आलेच नसते. दुकानातलं किती ते मी सांगू शकते. नळाचं डॉक्टरला विचारू."

तिनं दार थोडं उघडलं. डोळे खोल गेलेले, माझ्या हातांवर खिळलेले.

"येते. पन दुकानातलं तुमी सांगायचं. नंदीशचं नाव घेऊन."

दवाखान्यात घेतलेलं नाव नवी पेठेत पोचायला दुपार होत नाही, आणि माझी नोकरी शेठच्या हातात. तरी सोमवारी आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

शिवलीला डॉक्टरांकडं बघतच नव्हती. माझंच तोंड तपासत होती.

"एकाच दुकानात कामाला आहोत," मी म्हणाले. "तिथं हिला काय केलं ते लिहून घ्या. नंदीशचं सांगते, पण आधी माझं घ्या."