ऑरिओल स्टुडिओतली शाळा

ऑरिओल स्टुडिओतल्या शाळेला घंटा नव्हती. भिंतीला भिंत लागून शूटिंग चालायचं, आणि तिकडची आवाज टिपणारी यंत्रं अशी तिखट कानाची, की इकडे एखाद्या मुलानं खुर्ची जोरात सरकवली तरी कुणीतरी ओरडत यायचं. म्हणून सकाळी नऊ वाजता विनिफ्रेड टॅकेट दारात उभी राहून नुसता हात वर करायची. मग आवारात पांगलेली मुलं वर्गात यायची. कुणी मखमली झग्यात, कुणी अनाथाच्या ठिगळांत, कुणी तोंडाला रंग फासलेलं.

नेब्रास्कातल्या एका खोलीच्या शाळेत आठ वर्षं शिकवून ती लॉस एंजेलिसला आली होती. शिक्षण खात्यानं तिला ऑरिओलमध्ये नेमलं तेव्हा तिनं घरी पत्रात नुसतं 'शाळा मिळाली' एवढंच लिहिलं. सिनेमा म्हणजे दारू आणि घटस्फोट, असं तिच्या वडिलांचं ठाम मत. तीही नाक मुरडतच आत शिरली होती. पण महिना उलटायच्या आत ती त्या जागेवर भाळली. दुपारच्या जेवणाला एका बाकावर रोमन शिपाई बीटचं सूप ओरपायचे, शेजारी राणी एलिझाबेथ पायातले बूट काढून बोटं चोळत बसायची, आणि सुतार, शिंपी, रंगारी, वाजंत्रीवाले सगळे एकाच रांगेत थाळ्या धरून उभे. तीन हजार माणसांचं गाव होतं ते. त्याला स्वतःचा दवाखाना होता, न्हावी होता, अग्निशामक बंब होता. आणि शाळा होती, बावीस मुलांची.

हे सगळं उभं केलं होतं सॉल गिटेलमन यांनी. पोलंडातून आलेला हा बुटका, रुंद छातीचा माणूस आधी हातमोजे विकायचा. मग त्यानं एक पडका हॉल घेऊन त्यात मुके चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुढे लिंबाची बाग विकत घेतली, झाडं तोडली आणि तिथं स्टुडिओ बांधला. फाटकावर पिवळा ऑरिओल पक्षी बसवला. दहा वर्षांत देशभरात त्यांची चारशे थिएटरं झाली, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर आधी तो पक्षी पंख पसरायचा. गिटेलमनसाहेब हसले की आवार हसायचं आणि खोकले की आवाराला ताप यायचा. त्यांच्याशी विनिफ्रेडचा संबंध येण्याचं कारणच नव्हतं. पण तो आला, १९३८ च्या वसंतात, कॉलीन डन्फीमुळे.

कॉलीन नऊ वर्षांची होती. तांबडे केस, नाकावर ठिपके. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की सबंध अमेरिका रुमाल काढायची. त्या दिवशी मागच्या आवारात बंदराचा देखावा उभा केला होता. लाकडी जहाज, धक्क्यावर निरोप द्यायला आलेली चारशे माणसं, आणि वर कठड्याशी कॉलीन. कायदा असा होता, की मुलानं दिवसाचे चार तास काम करायचं आणि तीन तास शिकायचं. कॉलीनचे चार तास तीनला संपले होते आणि शिकायचा एक तास अजून बाकी होता. तीन वाजून दहा मिनिटांनी विनिफ्रेड जिना चढून जहाजावर गेली आणि तिनं कॉलीनचा हात धरला.

"बाई, पाच मिनिटं!" दिग्दर्शक हॅव्हर्टी खालून कर्ण्यातून ओरडला.

"मघाशीही पाचच म्हणाला होतात."

"अहो, चारशे माणसं ताटकळत उभी आहेत इथं! ऊन चाललंय!"

"त्या चारशेंचा भागाकार माझ्याकडे नाही. हिचा आहे."

धक्क्यावर खसखस पिकली. कॉलीन मात्र हात सोडवून घेत होती. "मला नाही यायचं, बाई! मी काय दमलेय का? तुम्ही सगळ्याचा विचका करता!"

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि गिटेलमनसाहेब जिना चढून वर आले. सिगार विझलेला, चेहरा पेटलेला.

"कोण ही?"

"शाळेतल्या बाई, साहेब," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या आवारात येऊन माझंच शूटिंग बंद पाडतेस?"

"आवार तुमचं आहे, साहेब. मूल तुमचं नाही." विनिफ्रेडचा आवाज वर्गातला निघाला. तिनं पर्समधून नियमांचा छापील कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "वाचून बघा."

साहेबांनी कागद घेतला. बराच वेळ धरून ठेवला. विनिफ्रेड त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते कागदावर होते, पण हलत नव्हते. पुस्तक असं धरणारी मुलं तिनं आठ वर्षं नेब्रास्कात पाहिली होती. कान लाल होतात, ओठ घट्ट मिटतात. तिनं हळूच कागद परत घेतला.

"इथं सावलीत बारीक अक्षर दिसत नाही. मीच वाचते." आणि तिनं तिसरं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं.

गिटेलमनसाहेबांनी ऐकून घेतलं. मग हॅव्हर्टीकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी करा." आणि मागे न बघता निघून गेले.

आपली नोकरी गेली असं धरून विनिफ्रेड चार दिवस वावरली. पाचव्या दिवशी मुलं गेल्यावर ती फळा पुसत होती, तेव्हा साहेब दारात उभे राहिले. आत येऊन पहिल्या रांगेतल्या बाकावर कसेबसे मावले.

"तुला कळलं त्या दिवशी."

"हो."

"कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलायचं त्यात?"

ते टोपीची कड फिरवत राहिले. "आमची हिब्रू अक्षरं येतात मला. प्रार्थना वाचतो. पण ती उजवीकडून येतात, माणसासारखी. ही तुमची डावीकडून, आणि लिहायचं एक, बोलायचं भलतंच. आकडे वाचतो, पाट्या वाचतो. सिनेमाच्या गोष्टी मला माझी सेक्रेटरी, ती मिस क्रेल, वाचून सांगते. लोकांना वाटतं साहेबांना वेळ नाही. पन्नाशी उलटली, मास्तरीणबाई. या वयात येतं का?"

"सोमवार आणि गुरुवार," विनिफ्रेड म्हणाली. "साडेचारला. उशीर चालणार नाही. आणि सिगार बाहेर."

चारशे थिएटरांच्या मालकानं मुकाट्यानं मान डोलावली.

दोन वर्षं ते येत राहिले. बाहेर नाही नाही ते बोललं जायचं. शिवणखात्यातल्या बायका विनिफ्रेड दिसली की कोपरानं ढोसायच्या. "काय गं, सोमवार आहे आज, झगा नवा घालायचास!" ती हसून पुढे जायची. आत साहेब घामाघूम होऊन तिसरीचं पुस्तक वाचत असायचे. हरवलेल्या कुत्र्याचा धडा संपला तेव्हा त्यांनी पुस्तक आपटलं.

"कुत्रा घरी परत येणार हे पहिल्याच पानावर कळतं. या लेखकाला काढून टाक!"

"तिसरीच्या मुलांसाठी आहे, साहेब."

"मग? तिसरीतला पोरगा तिकीट काढत नाही का?"

एका मंगळवारी, वार नसताना, ते धापा टाकत आले. हातात एक पटकथा होती. "एकशे बारा पानं. माझी मी वाचली." ते बाकावर बसले. मग म्हणाले, "आणि आज कळलं. वीस वर्षं ती क्रेल कंटाळवाणा भाग गाळून मला गोष्टी सांगत होती. तिच्यामुळेच मोठा झालो मी." त्या महिन्यात मिस क्रेलला बढती मिळाली. का मिळाली ते तिलाही कळलं नाही.

युद्ध आलं, युद्ध संपलं. त्या वर्षांत ऑरिओलची भरभराट अशी होती, की रात्रपाळीचे सुतार दिवसपाळीच्या सुतारांना फाटकात भेटायचे. पुढे विनिफ्रेडला वाटायचं, आपण तेव्हा नीट बघून घ्यायला हवं होतं. पण भरल्या घरात कुणी भिंती बघत बसत नाही.

त्याच वर्षांत, चौदाव्या वर्षी, कॉलीन एकाएकी चार इंच उंच झाली. तिचा करार पुढे वाढला नाही. ज्या मुलीसाठी चारशे माणसं धक्क्यावर उभी राहायची, ती एका शुक्रवारी दप्तर उचलून आईबरोबर निघून गेली. आठवड्यानं राहिलेले कपडे न्यायला आली, तर फाटकातल्या माणसानं तिला आत सोडलं नाही. ते कळल्यावर विनिफ्रेड तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"तुम्ही एक शब्द बोलू शकला असता."

"काय बोलणार? मूल माझं नाही, हे तूच सांगितलंस," साहेब म्हणाले. पण तिच्याकडे बघू शकले नाहीत. त्यानंतर दोन महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

मग घसरण लागली. न्यायालयानं सांगितलं, चित्रपट काढणाऱ्यांनी थिएटरं बाळगायची नाहीत. चारशे थिएटरं हातची गेली. पाठोपाठ घराघरांत टेलिव्हिजन आला, आणि शनिवारी संध्याकाळी रांगा लावणारी माणसं घरीच गाद्यांवर बसून राहिली. साहेब म्हणायचे, "एवढ्याशा पेटीत घोडा मावतो का?" घोडा मावला. वाजंत्रीवाल्यांना एकदमच निरोप दिला गेला. शिवणखातं अर्ध्यावर आलं. जेवणघरात रिकाम्या बाकांवर खुर्च्या उलट्या ठेवू लागले. शाळेत नऊ मुलं उरली.

१९५५ साली न्यूयॉर्कच्या भागधारकांनी गिटेलमनसाहेबांना बाजूला सारलं. निरोपाच्या आदल्या दिवशी ते शाळेत आले. सत्तरीकडे झुकलेले, कोट ढगळ झालेला. खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले.

"उद्याचं भाषण. मीच लिहिलंय. तपासून दे."

पेन्सिलीनं लिहिलं होतं, मोठ्या, टोकदार अक्षरांत. विनिफ्रेडनं लाल पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर तिला चष्मा काढून पुसावा लागला. बंदरावर उतरलो तेव्हा हातात काय होतं, इथं पहिली भिंत कुणी बांधली, त्या गवंड्याचं नाव, पहिल्या शिंपिणीचं नाव, सगळं होतं त्यात.

"सात चुका आहेत."

"सातच?"

"सातच."

"मुलांच्या सात चुका झाल्या तर काय करतेस?"

"पुन्हा लिहून आणायला सांगते."

साहेबांनी कोट काढला, पहिल्या रांगेतल्या बाकावर बसले आणि दोन्ही पानं पहिल्यापासून सुवाच्य लिहून काढली. पाऊण तास लागला. विनिफ्रेड टेबलाशी वह्या तपासत बसली होती, निदान तसं दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या स्टेजवर उरलेली आठशे माणसं जमली. साहेबांनी चष्मा लावला, कागद धरला आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. विनिफ्रेडच्या शेजारी उभा असलेला विजेचा म्हातारा मिस्त्री हळहळला. "कसा बोलायचा हा माणूस, कागदाबिगदाशिवाय! बघा, आता वाचून बोलावं लागतं. थकला बिचारा."

साहेब शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत विनिफ्रेडच्या मुठी वळलेल्या होत्या. ते एकदाही अडखळले नाहीत.

दोन वर्षांनी ते वारले. नंतरचे मालक तिला आठवतसुद्धा नाहीत, इतके भराभर बदलले. मागच्या आवारात टेलिव्हिजनचे गुराखी गोळ्या झाडायचे. शाळेत तीन मुलं राहिली, मग एक. न्याहारीच्या मक्याच्या पोह्यांच्या जाहिरातीतला तो मुलगा इतका हुशार होता, की विनिफ्रेडला त्याला शिकवायला फारसं उरायचंच नाही. १९७० च्या उन्हाळ्यात घरं बांधणाऱ्या कंपनीनं सगळं आवार घेतलं आणि आतल्या वस्तूंचा लिलाव पुकारला.

लिलावाच्या दिवशी विनिफ्रेड आपला कप आणि शब्दकोश न्यायला गेली होती. मुकुट, तलवारी, झुंबरं यांच्यावर लोक तुटून पडले होते. तिला ती गर्दी बघवेना. ती मागे बंदराकडे गेली. लाकडी जहाज अजून उभं होतं, कठडा कुजलेला. तिथं एक बाई एकटीच वर बघत उभी होती. चाळिशीची, तांबड्या केसांत पांढरी बट.

"बाई?"

"कॉलीन!"

कॉलीन व्हॅन नाइस या उपनगरात एका दंतवैद्याकडे काम करत होती. नवरा बसचालक, मुलगी मॉरीन अकरा वर्षांची. लिलावात तिनं काहीच घेतलं नव्हतं. "मला वाटलं, माझा तो निळा झगा असेल. पण बघितला आणि घ्यावासा वाटला नाही. केवढासा होता, बाई!"

दोघी जहाजाच्या सावलीत एका उलट्या पेटीवर बसल्या. कामगार पलीकडे पॅरिसची गल्ली पाडत होते.

"लोक मला विचारतात, तुझं लहानपण तिथंच हरवलं ना? मी म्हणते, रोज तीन तास मिळायचं की." कॉलीन थोडी थांबली. "तुमचा राग यायचा मला फार."

"माहितीये. आठवडाभर मुद्दाम भागाकार चुकवलेस."

"मुद्दाम कुठला! येतच नव्हता. अजून येत नाही!" दोघी खो खो हसल्या, इतक्या, की एका कामगारानं वळून बघितलं. डोळे पुसत कॉलीन म्हणाली, "खरंच सांगते. मॉरीनचा अपूर्णांकांशी छत्तीसचा आकडा आहे, आणि तिला शिकवायला घरात कुणी नाही. तुम्ही येता का, बाई? शनिवारी?"

विनिफ्रेड बसनं गेली. कॉलीनच्या स्वयंपाकघरात पिवळं मेणकापड घातलेलं टेबल होतं. मॉरीन गालाला हात लावून बसली होती.

"आई म्हणते, तुम्ही सिनेमात होता."

"सिनेमात नव्हते. शेजारच्या खोलीत होते."

"शेजारच्या खोलीत काय होतं?"

"आधी ही पाच गणितं," विनिफ्रेड म्हणाली. "मग सांगते."

बारा वाजले तरी तिसरंच गणित चालू होतं. मॉरीन दर ओळीला एक प्रश्न विचारत होती, कॉलीन चुलीपाशी उभ्या उभ्या मध्येच "नाही हं बाई, तसं नव्हतं ते" म्हणत होती, आणि विनिफ्रेड आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात गप्पा चालू देत होती.