मागावर टांगलेले अर्ज

घरात माग आहे पण त्याच्यावर साडी विणली जात नाही, आता तुम्हीच सांगा, अशा मागाचं करायचं काय? मोडीत द्याले जीव होत नव्हता. जिजाबाई, माही बायको, होती तोवर आम्ही दोघं मिळून विणत होतो. ती गेली, सुताचे भाव चढले, अन् मी मिलमध्ये दुपारच्या पाळीत लागलो. शेवटची साडी कापली तेव्हा रीतीप्रमाणं ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, वीत-दीड वीत धागे फणीत तसेच ठेवले. आमच्यात माग कोणी कोरा करत नाही. पुढचा ताणा आला की त्याचा एकेक धागा ह्या जुन्या टोकाले गाठायचा, नाही त सगळं पहिल्यापासून ओवत बसा. पुढचा ताणा काही आला नाही. धागे लटकले ते लटकलेच. तांडापेठेतलं आमचं घर एवढंसं, त्या मागाच्या बाजूलेच मी अन् पोरगी बसून जेवत होतो.

पोरगी म्हणजे चंद्रकला. चौऱ्याहत्तर साली बी.एस्सी. झाली अन् पुढं शिकाले तिनं पाच ठिकाणी अर्ज केले. पुणे, मुंबई, दिल्ली, बडोदा, अन् आपलं नागपूर. प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. कोणाले मोठ्या साहेबाच्या सहीची नक्कल पाहिजे, कोणाले फोटो, कोणाले पोस्टल ऑर्डर. घरभर कागदच कागद! मी एकदा त्यावर चहाचा कप ठेवला, दिल्लीवर गोल डाग पडला. बाप्पा! पोरीनं घर डोक्यावर घेतलं.

रविवारी झोपून उठतो अन् पाहतो काय, मागाच्या धाग्यांचे पाच झुपके केलेले, अन् एकेका झुपक्याले एकेका गावाचे कागद टांगलेले.

"हा माग आहे का कलेक्टर हापीस वं?" मी ओरडलो.

"बाबा, आता काहीच हरवत नाही. पाहा ना."

पाहिलं. खोटं कायले बोलू, काम साफ होतं. जे धाडलं त्याची नक्कल खाली, जे यायचं त्याची जागा वर. अन् एकही धागा तोडला नव्हता. कोष्ट्याची पोर आहे शेवटी.

ती सकाळी शिकवण्या घ्याले जाये, मी घरीच. म्हणून डाकेचं काम माह्या गळ्यात पडलं. "पत्र आलं की ज्याचं त्याच्या झुपक्याले बांधा. मले विचारल्याशिवाय काही सोडू नका," असा हुकूम. आमचा डाकवाला चंपतराव. तो सायकलवरून न उतरता एक पाय आमच्या ओट्यावर टेके अन् म्हणे, "आज काही नाही, नत्थूजी." रोज तेच. मी दार लावून घेओ.

माह्या पोटात एकच गोष्ट होती. पोरगी नागपुरातच राहावी. घरात दुसरं आहे कोण? ती गेली त मी ओरडू कोणावर? बडोद्याले म्हणे जंतूंचं शास्त्र शिकवतात. मी म्हटलं, "जंतू पाहाले बडोद्याले काहून जाते? आपल्या गल्लीतल्या नालीत कमी आहेत काय?" ती हसली नाही. आधी हसत होती असल्या बोलण्यावर. आता जेवताना सुद्धा डोळे त्या झुपक्यांवर. सोबत बसून माणूस सोबत नाही, हे मी तेव्हाच चाखलं.

पुण्याचा नकार आला. दिल्लीचाही नकार आला. मुंबईनं त उत्तरच दिलं नाही. मंग नागपूरचा होकार आला, वनस्पतीशास्त्राले. मी मटण आणलं अन् आपल्या हातानं असा झणझणीत रस्सा केला, की दोघांच्याही नाकातून पाणी. त्याच आठवड्यात चंपतरावानं पाय टेकला अन् म्हणाला, "आज आहे बरं, नत्थूजी." बडोदा. होकार. मी ते बांधलं ज्याच्या त्याच्या झुपक्याले.

पोरगी आली, वाचलं, परत टांगलं. म्हणते, "नागपूरच बरं, बाबा. तुमच्या खाण्यापिण्याचं कोण पाहीन?"

घ्या! जिंकलो ना मी? मंग भाकर ताटात तशीच काहून राहिली?

तिनं पुण्याचा झुपका सोडला, दिल्लीचा सोडला, मुंबईचा सोडला. बडोद्याचा तसाच. रोज झाडताना तिथं थांबे, कागद वर करून पाहे, मंग पुढं झाडे. मले सहन होईना. एक दिवस म्हटलं, "हे पाह्य चंद्रे, गाठ मारायची असन त मार, नाही त तोड. अर्धी गाठ मागावर चालत नाही."

"तोडते," म्हणाली. कात्री आणली. धाग्याजवळ नेली. अन् मंग "भात लागून राहिला वाटते" म्हणून चुलीकडं गेली. भात लागत नव्हता. भात केव्हाचा उतरवून झाकला होता, मीच.

दुसऱ्या दिवशी मी मिलले बुट्टी मारली, कामावर गेलोच नाही. दुसऱ्या विद्यापीठात जायचं त इथलं मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. त्याचा अर्ज पोरीनं आधीच भरून, सही करून झुपक्यात टांगून ठेवला होता. तो सोडला, तिले न विचारता, अन् सायकल हाणत महाराजबागेकडं विद्यापीठाच्या हापिसात गेलो. खिडकीतला बाबू भला माणूस. म्हणाला, "काकाजी, हे घेतलं की इथली सीट गेली समजा. पोरीले विचारलं ना?"

"तिले विचारलं असतं त मी आलो असतो काय?"

"साहेबाची सही व्हाले वेळ आहे. तोवर बसा. विचार करायचा असन त करून घ्या."

मी फुटाणे घेतले अन् बाहेर झाडाखाली बसलो. मनात म्हटलं, नत्थू, उठ, घरी चाल, अर्ज परत झुपक्याले बांधून टाक. कोण पाहाले येते? मंग ती कात्री आठवली. फुटाणे संपले. आत गेलो अन् कागद घेतला.

संध्याकाळी पोरीनं झुपक्यात ते सर्टिफिकेट पाहिलं अन् ते हातात घेऊन माह्यासमोर आली.

"काहून केलं बाबा? मले विचारलं काहून नाही?"

"तुले विचारलं त तू भात पाहाले जाते."

रडली. मंग चिडली, पार माह्यासारखी. "एकटे पडसान तुम्ही! समजते का?"

"पडू दे! मी का लहान लेकरू आहो?"

स्टेशनवर गाडी सुटताना मी एवढंच म्हटलं, "भुसावळले गाडी बदलजो. झोपून जाशीन."

घरी आलो. धागे पुन्हा मोकळे लटकत होते, गाठीच्या जागी वाकडे झालेले. हात फिरवून सरळ करून पाहिले, होत नव्हते.

पोरगी पत्र धाडते, पण शिकणारीले रोज रोज वेळ कुठून भेटन? चंपतरावाची मात्र सवय सुटली नाही. पाय टेकून रोज तेच, "आज काही नाही, नत्थूजी." काही दिवस ऐकलं, मंग माह्यं डोकं फिरलं. "समजते ना मले! काही असन तेव्हा थांबत जा. रोज रोज काहून सांगता?"

"बरं बावा," म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी तो घंटी वाजवत सरळ निघून गेला. तिसऱ्या दिवशीही तसाच. मी ओट्यावर बसून. त्या घरात सकाळपासून कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी सुद्धा नाही. स्वतःचा आवाज ऐकाले म्हणून खाकरून पाहिलं, त तो आवाज मलेच परका वाटला.

चौथ्या दिवशी मी त्याच्या सायकलपुढं जाऊन उभा राहिलो.

"आज काही नाही का?"

"नाही ना, नत्थूजी. म्हणूनच थांबत नाही. तुम्हीच म्हटलं."

"मंग तेवढं सांगून जात जा ना, बाप्पा!"

चंपतरावानं सायकल वळवली, ओट्याजवळ आणली, एक पाय टेकला.

"आज काही नाही, नत्थूजी."

"बरं," मी म्हटलं. "उद्या सांगजा."