यादीतून उतरलेलं नाव

फोन वाजला तेव्हा दिपमालाने आधी दाराकडे पाहिलं. नवऱ्याच्या चपला नव्हत्या. भिकन आज चर्चमधल्या रविवारच्या भक्तीवरून परस्पर शेताकडे गेला होता. बहिणीचा फोन त्याला घ्यायचा नव्हता.

लोटननाना मात्र वेळेवर आले होते. मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. दाराशी खुर्ची ओढून, मांडीवर बायबल ठेवून ते बसले होते.

दिपमालाच्या सासूला, द्रौपदाबाईंना, मंगळवारी माती दिली. त्याच संध्याकाळी पंचांनी ठरवलं की दिपमालाच्या नणंदेला, कामिनीला, इतक्यात कळवायचं नाही. कामिनी धुळ्याला नर्स होती. साक्रीच्या मंडळीने तिला वर्षभराच्या सेवेसाठी आफ्रिकेत, मलावीला पाठवलं होतं. पाच महिने झाले होते, सात उरले होते. तिच्याआधी पाठवलेला एक जण घरच्या आठवणीने महिन्यातच परतला होता आणि मंडळीला मान खाली घालावी लागली होती. तसं पुन्हा नको होतं. माती तर झाली, आता ती येऊन काय करणार, असं नाना म्हणाले. भिकनने मान हलवली. सासूचं हगणं-मुतणं काढणाऱ्या दिपमालाला कोणी विचारलं नाही.

फोनवर नुसता आवाज यायचा, तिकडे तेवढंच नेट होतं. कामिनी नेहमीसारखी आधी तिकडचंच सांगत सुटली. आता अर्ध्या बादलीत अंघोळ आणि केस दोन्ही होतात. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा पहिला महिना घशाखाली उतरत नव्हता, आता जेवणात नसला तर चुकल्यासारखं वाटतं. तलावातली बारीक मासळी वाळवून बाजारात विकतात, वास थेट साक्रीच्या सुकटीचा. वॉर्डातल्या बाया तिला नावाने हाक मारत नाहीत, 'आई' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संडासात जाऊन रडले, असं हसत म्हणाली. दिपमाला हं, हं करत राहिली.

मग कामिनीने विचारलं, "माय बरी व्हयनी ना, वहिनी?"

दिपमालाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

कामिनीने यादी पाहिली होती. आजाऱ्यांसाठी मंडळी दर रविवारी प्रार्थना करते, त्यांच्या नावांचा कागद नाना तिला फोनवर पाठवत. पाच महिने द्रौपदाबाईंचं नाव दुसरं होतं. आज नव्हतं. नाव उतरलं म्हणजे देवाने ऐकलं, असं कामिनीने धरलं. सकाळी तिकडच्या भक्तीत उभं राहून तिने आई बरी झाल्याची साक्षही दिली होती. बठ्ठी मंडळी, सगळीच्या सगळी, नाचली म्हणे तिच्यासाठी.

दिपमालाने फोनवर हात ठेवून नानांकडे पाहिलं.

"मेलेल्या माणसासाठी प्रार्थना आपल्यात नाही, पोरी," नाना हळू आवाजात म्हणाले. "नाव ठेवलं असतं तर ते खोटं झालं असतं. देवापुढचा कागद आहे तो."

"मग हिला काय सांगू?"

"झोपलीय म्हण."

दिपमालाने हात काढला. "झोपेल शे माय," ती म्हणाली.

"उठाडू नको. फोन फक्त तिना नाकजवळ धर. माले श्वास ऐकाले दे."

नानांनी बायबल उघडलं आणि मान खाली घातली.

सासूची खाट अजून तिथेच होती, वरची गोधडी तेवढी धुऊन टाकली होती. दिपमाला काथ्यावर आडवी झाली. फोन स्वतःच्या नाकाशी धरला. डोळे मिटले आणि सासू घ्यायची तसा श्वास घेतला, जरा अडखळत, शेवटाला किंचित ओढून. पलीकडे शांत झालं. कामिनी मोजत होती. हुंदका वर आला तर मोजणी चुकेल, म्हणून दिपमालाने तो दातांखाली धरला आणि पुढचा श्वास सोडला. मग त्याच्या पुढचा.

"बावीस," कामिनी म्हणाली. आपण निघालो तेव्हा श्वास मिनिटाला तीस होता, छातीतली घरघरही गेली, असं ती सांगत होती. मग तिकडच्या भाषेत शेजारी कोणाला तरी काही बोलली. चार-पाच बायांचा आनंदाचा चीत्कार फोनमधून खाटेवर आला.

"आते दर रविवारले मोजसू मी," ती म्हणाली. "तू जेव आते. थकनी व्हशी तू."

फोन बंद झाला. देवाची स्तुती असो, असं पुटपुटून नानांनी बायबल मिटलं आणि पुढच्या रविवारीही याच वेळेला येतो म्हणाले.

दिपमाला खाटेवर उठून बसली. आपला नेहमीचा श्वास कसा होता, ते तिला बराच वेळ सापडेना.