फिरकीचा चौथा पाय

मी एक जुनी फिरकी आहे, मित्रांनो. पण पतंगाच्या मांज्याची नव्हे. वितळलेला धातू गरगर फिरवून त्याची आगगाडी करणारी फिरकी आहे मी. ही आगगाडी खेळण्याएवढी असते. तिचं इंजिन तुमच्या कंपासपेटीत मावेल आणि तिचं चाक पंचवीस पैशांच्या नाण्यापेक्षाही लहान असतं. पण खऱ्या गाडीला असतं ते सगळं तिला असतं.

माझा जन्म १९६९ साली सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यामागच्या पडवीत झाला. मला घडवलं वेणीमाधव मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्टेशनच्या पुलावर उभे राहून मालडब्यांची चित्रं वहीत काढायचे. डब्याला खिळे किती, दाराला कड्या किती, हेसुद्धा मोजायचे. मग त्यांना वाटलं, आता हे हातात धरता आलं पाहिजे. त्यांनी जुन्या शिवणयंत्राचं पायडल आणलं, भंगारातल्या पाण्याच्या पंपाचं बेअरिंग आणलं, एक जाड लोखंडी पाट आणला आणि मोडक्या खाटेच्या नळ्या कापून मला चार पाय केले.

मास्तरांच्या हातची पेन्सिल सरळ चाले, पण करवत मात्र चालत नसे. त्यामुळे माझे चार पाय चार मापांचे झाले. फरक फार नव्हता, पोस्टकार्डाच्या जाडीएवढाच. तो भरून काढायला मास्तरांनी पाय आणि पाट यांच्यामध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या घातल्या. पहिल्या पायावर तीन, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर दोन आणि चौथ्यावर एक. मग पाटाच्या कडेवर पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी ठेवून पायडल मारलं. थाळीतलं पाणी सांडलं नाही, तेव्हा मास्तर लहान मुलासारखे हसले.

माझं काम सोपं आहे. पाटाच्या मधोमध फिरणारी चकती आहे, तिच्यावर रबराचा गोल साचा बसवतात. त्याच्या आत बारा चाकांच्या बारा खाचा असतात आणि मधोमध एक भोक. मी फिरू लागले की त्या भोकात वितळलेला धातू ओततात. फिरण्यामुळे तो बाहेरच्या बाजूला धाव घेतो आणि प्रत्येक खाच कोपऱ्यापर्यंत भरतो. मिनिटभरात थंड झाला की बारा चाकं तयार. धातू आम्हाला छापखान्यातूनच मिळायचा. झिजलेले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, ते टाकून देत. त्यातली बरीच लग्नपत्रिकांची असत.

ओतणारी होती काशम्मा. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, त्यामुळे घरात कानडी आणि बाजारात मराठी. माझ्याकडे येण्याआधी ती दिवसभर विड्या वळायची. धातू तापला की नाही हे बघायला ती वर्तमानपत्राचा कपटा त्यात बुडवायची. कपटा तांबूस झाला तर ओतायचं. जळून गेला तर थांबायचं. काम संपलं की पळी टांगून म्हणायची, “मास्तर, आज चार लग्नं वितळवली की!”

शाळेच्या प्रदर्शनात आमच्या गाडीभोवती गर्दी झाली. लोकांनी मास्तरांचं कौतुक केलं, काशम्माचंही केलं. माझं कोणी केलं नाही, पण दर शनिवारी बेअरिंगला तेल मिळत होतं. मला तेवढं पुरे होतं.

१९७६ साली छापखान्यात मोठं यंत्र आलं आणि त्याला आमची पडवी हवी होती. मास्तरांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अर्धी शेड मिळवली. उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये टॉवेल विणणारे यंत्रमाग होते. त्याच महिन्यात रेल्वेच्या एका प्रशिक्षण शाळेचं पत्र आलं. शिकणाऱ्यांना दाखवायला त्यांना मालगाडी हवी होती, रुळांसकट. अट एकच होती. पंधरा तारखेला साहेब येतील, त्यांच्यासमोर गाडीनं शंभर फेऱ्या मारायच्या आणि एकदाही रुळावरून उतरायचं नाही. जमलं तर दरवर्षी काम. मास्तर काशम्माला म्हणाले, “नाही जमलं तर नवी शेड परवडायची नाही. मी आपला शाळेत फळ्यावर आंबे काढीन.”

“तुमी आंबे काढाल,” काशम्मा म्हणाली, “अन् मी पुन्हा विड्या वळत बसू?”

मग माझे भाग सुटे केले. मास्तरांनी सांगितलं, “प्रत्येक पायावर किती पट्ट्या होत्या ते तुम्हीच लिहा काशम्मा. तुमच्यासारखं माझं यंत्र कुणाला माहीत आहे?” काशम्मानं लोखंडी खिळा घेतला आणि माझ्या चारही पायांवर आकडे कोरले. पट्ट्या एका पुडीत बांधल्या. बैलगाडीत मला गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि मास्तर रबराचे साचे मांडीवर घेऊन पुढे बसले. रस्ताभर ते गाडीवानाला म्हणत होते, “सावकाश रे, सावकाश.” शेवटी तो वैतागून म्हणाला, “मास्तर, म्हातारीला दवाखान्यात न्यायलोय का?”

काशम्मा बहिणीच्या मुलाच्या बारशाला चार दिवस गावी गेली. तोवर मला उभं करायचं काम शेजारच्या मागांच्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या बिरदेवनं अंगावर घेतलं. बिरदेव हुशार आणि हौशी होता. त्यानं पायांवरचे आकडे मोठ्यानं वाचले. “तीन. दोन. दोन. अन् हे शून्य. हितं काय न्हाय.” त्यानं तीन, दोन, दोन अशा पट्ट्या घातल्या आणि चौथा पाय तसाच आवळला. एक पट्टी उरली. “जास्तीची दिसतीया,” असं म्हणून ती त्यानं खिशात टाकली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते! पण मी नुसती करकरले, आणि बिरदेवला वाटलं मला तेल हवंय. तेल द्यायच्या ऐवजी त्यानं मला रंग दिला. पायापासून पाटापर्यंत हिरवागार, पोपटासारखा. मास्तरांनी पाहिलं आणि ते म्हणाले, “वा, नवरी दिसतेय!” थोडा वेळ मीसुद्धा फुशारले, खोटं कशाला बोलू?

काशम्मा परत आली. भट्टी पेटली. कपटा तांबूस झाला, पळी भोकात रिकामी झाली आणि साचा उघडला. बारापैकी दोन चाकं अर्धवट होती आणि एकाच्या कडेला धातूची पातळ पापडी आली होती. दुसऱ्या वेळी तीन अर्धवट. जी पूर्ण दिसत होती ती जोडून गाडी रुळावर ठेवली, तर तिसऱ्या वळणावर आडवी झाली.

तारीख होती दहा. मास्तरांनी धातू बदलून पाहिला, साचा बदलून पाहिला. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, “काशम्मा, चार दिवस गावाला गेलात आणि हाताची सवय मोडली तुमची.”

“हात गावाला ठिवून आले न्हाय मी,” काशम्मा म्हणाली. पळी तिनं अशी ठेवली की भट्टीसुद्धा दचकली.

दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. रागानं मास्तरांनी मला गोणपाटानं झाकलं आणि बाजारात नव्या यंत्राची चौकशी केली. मी त्या गोणपाटाखाली पलीकडच्या मागांची खडखड ऐकत उभी होते. तिकडे रोज शेकडो टॉवेल होत होते आणि माझ्याकडून बारा चाकं होत नव्हती.

तेरा तारखेला सकाळी काशम्मानं गोणपाट ओढून काढलं. साच्यातल्या बारा खाचांना तिनं एक ते बारा नंबर दिले आणि मास्तरांना म्हणाली, “वही घ्या. मी वतते. कुठलं चाक बिघडलं ते तुमी मांडा. हात माझा हाय, मग वही तुमची आसू द्या.” तिनं सहा वेळा ओतलं. पहिल्या खेपेला तिसरं आणि आठवं बिघडलं. दुसऱ्या खेपेला पहिलं, पाचवं आणि सहावं. मग दहावं, अकरावं. मग पुन्हा दुसरंच काही.

मास्तर वहीकडे बघत राहिले. “ह्यात काही नियमच दिसत नाही.”

“त्योच तर नियम हाय,” काशम्मा म्हणाली. “घरातलं एकच पोर खोडकर आसलं तर रोज त्याचंच नाव कानावर येतं. साचा वाईट आसता तर रोज तीच खाच बिघडली आसती. हितं रोज नवं नाव. पोरांचा दोष न्हाय मास्तर, घरच हलतंय.”

 मास्तरांनी थाळी आणली, पाण्यानं भरली आणि पाटाच्या कडेवर ठेवली. पायडल मारताच पाणी चारी बाजूंनी उडालं आणि निम्मं त्यांच्या धोतरावर पडलं. मित्रांनो, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. शेवटी कुणीतरी मलाच विचारलं होतं!

बिरदेवला हाक मारली. त्यानं माझे पाय सैल केले. काशम्मानं पट्ट्या मोजल्या. “तीन, दोन, दोन. चौथ्यावरची कुटं हाय?”

“चौथ्यावर शून्य व्हतं की अक्का.”

“शून्य? मी माझ्या हातानं एक लिवलाय!”

“मी माझ्या डोळ्यानं शून्य वाचलंय!”

“शून्य पट्ट्या आसत्या तर मी खिळा कशाला झिजवला आसता रे?”

 मास्तरांनी पॉलिशचा कागद घेतला आणि चौथ्या पायावरचा हिरवा रंग घासून काढला. खाली कोरलेला आकडा दिसला. वाटोळा, खालून किंचित उघडा.

“हे बघा, शून्य,” बिरदेव म्हणाला.

“हा बघा, एक,” काशम्मा म्हणाली.

आणि दोघंही खरं बोलत होते! काशम्मा चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकली होती. कानडीतला एक हा आपल्या शून्यासारखाच वाटोळा असतो, फक्त खालून जरासा उघडा. दोन आणि तीन दोन्ही लिप्यांत बरेचसे सारखे दिसतात. म्हणून पहिल्या तीन पायांवरचे आकडे कानडी आहेत, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चूक झाली ती फक्त एकाच्या बाबतीत.

मास्तर आधी हसले, मग गंभीर झाले. “काशम्मा, मी तुमच्या हाताला नाव ठेवलं. चुकलं माझं.”

“ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. “आधी पट्टी कुटं हाय ते बघा.”

सगळ्यांनी बिरदेवकडे पाहिलं. त्यानं हळूच खिशातून तंबाखूची डबी काढली. पट्टी डबीत होती. इतके दिवस तो तिनं चुना काढत होता. “लई बेस निघतो हो हिनं,” तो खाली मान घालून म्हणाला. काशम्मा इतकी हसली की तिला भट्टीपासून लांब जाऊन बसावं लागलं.

पट्टी धुऊन, पुसून चौथ्या पायावर बसली. थाळीतलं पाणी जागचं हललं नाही. चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत आम्ही शंभरावर चाकं ओतली, आणि त्यातली मोजून चारच परत वितळवावी लागली.

पंधराला साहेब आले. हातात वही, चेहऱ्यावर कंटाळा. लाकडी टेबलावर गोल रूळ मांडले होते, पण शेजारचे माग चालू असल्यानं टेबलच काय, अख्खी शेड थरथरत होती. बिरदेव म्हणाला, “साहेब हायत तवर माग बंद ठिवतो.”

“चालू ऱ्हाऊ दे,” काशम्मा म्हणाली. “खरी गाडी जाताना जमीन कोण धरून बसतं का?”

मास्तरांनी मान डोलावली. गाडी सुटली. वीस डबे, ऐंशी चाकं. साहेब प्रत्येक फेरीला वहीत एक रेघ मारत होते. चाळिसाव्या फेरीला मागांवरून उडालेला कापसाचा पुंजका नेमका वळणावर रुळावर येऊन बसला. काशम्माचा हात पुढे गेला आणि तिनं तो मागे घेतला, कारण हात लावायचा नाही असं ठरलं होतं. इंजिन पुंजक्यावर चढलं, जरा अडखळलं आणि उतरलं. त्याच्यामागून डबे एकेक करून टक, टक, टक करत पार झाले. विसाव्या डब्यापर्यंत कोणी श्वास घेतला नाही. मी तर घेतच नाही, पण घेत असते तर मीही रोखला असता.

साठाव्या फेरीनंतर साहेबांच्या रेघा थांबल्या. ते टेबलावर हनुवटी टेकून गाडी आपल्याकडे येताना बघत होते. फेऱ्या काशम्मानं मोजल्या. “शंभर झाल्या साहेब,” ती म्हणाली.

“असू द्या,” साहेब म्हणाले. “अजून थोडी चालू द्या.”

गाडी थांबली तेव्हा त्यांनी एक डबा उलटा करून चाक बोटानं फिरवलं. “ही कुणी ओतली?” मास्तरांनी काशम्माला पुढे केलं. साहेबांनी पुढच्या वर्षासाठी दोन गाड्या सांगितल्या, आणि एक प्रवासी डबा जास्तीचा, नमुना म्हणून. तो शाळेसाठी होता की त्यांच्या घरासाठी, हे आम्ही विचारलं नाही. ते गेल्यावर काशम्मा मास्तरांना म्हणाली, “घरची विड्या वळायची सुपली आज शेजारणीला देऊन टाकते. नुसतीच जागा अडवतीया.” आणि तिनं भट्टीत नवे खिळे टाकले.

मित्रांनो, या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तुमच्याही घरी एखादं शिवणयंत्र असेल, सायकल असेल, पिठाची गिरणी असेल. ती खोलून बघावीशी वाटली तर जरूर बघा. आत काय आहे ते खोलल्याशिवाय कसं कळणार? पण पुन्हा जोडताना एखादा तुकडा उरला तर त्याला जास्तीचा म्हणू नका. त्या यंत्रावर जो रोज बसतो त्याला हाक मारा आणि त्याच्याशेजारी बसून विचारा. आमचं बोलणं त्यालाच समजतं. आणि आमच्यावर फारच माया आली, तर रंग मागाहून दिला तरी चालेल.

आधी तेल द्या.