पंपापुरतं हेलमेट

मी समीरचं हेलमेट बोलतोय. कारखान्यात माझ्या काही भावंडांना उंचावरून आपटून पाहिलं. ती टिकली, म्हणून माझ्यावर शिक्का बसला. वाटलं, आता आपलं आयुष्य कुणाच्या तरी डोक्यावर जाणार. ते गेलं समीरच्या कोपरात.

शहर हिंदी बोलणारं; समीर तिथल्या अन्नपूर्णा भागात राहतो, कामाला सांवेर रोडला जातो. पोलीस दिसला की मी डोक्यावर, चौक ओलांडला की परत कोपरात. पट्टा कधी लागलाच नाही.

पंपावर मात्र माझा थाट! 'हेलमेट नाही तर पेट्रोल नाही' अशी पाटी लागल्यापासून रांगेतून हाक येणारच, "भिया, दो मिनिट हेलमेट देना!" समीर मोठ्या मनाने मला देई. एका सकाळी मी चार डोकी फिरलो. दोन तेलकट, एक जेलवालं, एक टक्कल.

लग्न होऊन साताऱ्याहून आलेली कस्तुरी मागच्या सीटवरून हे सगळं बघे.  महिनाभराने एकदा म्हणाली, "अहो, घालत जा ना. मला भीती वाटते."

"अगं, या ट्रॅफिकमध्ये स्पीड असते कुठे?" समीर हसला.

ट्रॅफिक होतंच. चौक तुंबला की लोक डिव्हायडरच्या फटीतून उलट्या बाजूला घुसत, मग ती बाजूही तुंबे. एका मंगळवारी समीरही घुसला. समोरून रिक्षा आली, त्याने ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे घसरली. कपाळाला सहा टाके पडले. मी डाव्या कोपरात होतो, मला ओरखडाही नाही.

"हेलमेट वाचलं हो!" समीरचे वडील रामभाऊ मला टेबलावर ठेवत म्हणाले.  कस्तुरी आत निघून गेली.

टाके निघाले त्या दिवशी कस्तुरीने स्वतःसाठीही हेलमेट घेतलं आणि गाडी तीच चालवायला बसली. समीर मागे. मी त्याच्या डोक्यावर, तिने स्वतः पट्टा लावलेला. पंपावर शेजारचा बाइकवाला म्हणालाच, "भिया, दो मिनिट हेलमेट देना."

समीरचा हात सवयीने माझ्याकडे गेला.

"द्या की," कस्तुरी म्हणाली. "पण आधी त्यांना कपाळ दाखवा."

समीरने मला काढलं. बाइकवाला त्या गुलाबी व्रणाकडे बघत राहिला. "कैसे लगी, भिया?"

समीर म्हणाला, "हेलमेट हाथ में था."

बाइकवाल्याने मला घेतलं नाही. गाडी रांगेतून काढली आणि ढकलत बाहेर गेला.

आता मी रोज डोक्यावर असतो. उकडतं म्हणून समीर कुरकुरतो. चौक तुंबला की रांगेत उभा राहतो, कामावर दहा मिनिटं उशिरा पोचतो. पोचतो.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ खुंटीला लटकत असेल. निघताना त्याला डोक्यावर घ्या, पट्टा लावा. आम्हाला दुसरं काही काम येत नाही.