लोखंडी कपाटातली सात वर्षे

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पाहणार तरी कसे? सात वर्षे मी एका लोखंडी कपाटात कुलूपबंद होतो. मी एक जुना संगणक. माझे काम होते सगळ्यांच्या फाइली एका जागी सांभाळण्याचे. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात.

आमची जागा म्हणजे कृत्रिम पाय बनवणारी एक छोटी कार्यशाळा. तिथे मोठे साहेब होते, मापे घेणाऱ्या बाई होत्या, साचे करणारे काका होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ताई होत्या. तेव्हा मी ताईंच्या टेबलावर असे. प्रत्येकाकडे आपापला संगणक होता, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. एकाच माणसाचे माप तीन ठिकाणी सापडे. एका फाइलचे नाव ‘डावा पाय नवीन’, दुसरीचे ‘डावा पाय शेवटचा’ आणि तिसरीचे ‘डावा पाय खरोखर शेवटचा’. व्हायचे तेच झाले. काकांनी जुन्या मापावर एक पाय बनवला. तो घालून नऊ वर्षांची एक मुलगी उभी राहिली, ती एका बाजूला कललेलीच. ती रडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली.

त्याच दिवशी बाईंनी साहेबांना सांगितले, की यापुढे मापे एकाच ठिकाणी राहतील.

ताईंसाठी नवा संगणक यायचाच होता, म्हणून या कामाला मला नेमले. बाईंनी माझी धूळ झाडली, पोटात मोठी डिस्क बसवली आणि भिंतीच्या कडेने प्रत्येक टेबलापर्यंत वायर नेली. मी हमखास सापडावा म्हणून मला एक कायमचा पत्ता दिला. मग पायासाठी येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळा कप्पा केला. पाहायची मुभा सर्वांना, माप बदलायची फक्त बाईंना. काका जरा कुरकुरले, पण पुढे त्यांच्या हातून एकही पाय चुकला नाही. मग येईल त्याला तेच कौतुकाने माझ्याविषयी सांगू लागले.

तेवढ्यात एक गंमत झाली. ड्रिल लावायला जागा हवी म्हणून काकांनी बेधडक माझाच प्लग काढला. चारही टेबले ठप्प झाली. पुन्हा असे होऊ नये म्हणून जिन्याखालच्या अडगळीतले लोखंडी कपाट रिकामे करून मला त्यात ठेवले. स्क्रीन काढला, कीबोर्ड काढला. बाईंना त्यांच्या टेबलावरूनच मला हवे ते सांगता येत असे. वायरीपुरते भोक पाडले आणि कुलूप लावले. चावी बाईंच्या पर्समध्ये गेली.

पहिल्या उन्हाळ्यात मला कळले की हे कपाट नाही, भट्टी आहे. माझा पंखा तीच गरम हवा फिरवून फिरवून पुन्हा माझ्याच अंगावर टाकत असे. पलीकडे काका पाय घासत, त्याची बारीक पांढरी भुकटी भोकातून आत येई आणि पात्यांवर बसे. बाहेर माणसे पहिल्यांदा उभी राहत, चालत, हसत. त्यांचे फोटो माझ्याकडे येत. मी ते ठेवून घेत असे. बाकी सगळा अंधार.

बाईंनी साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. फाइलींची दुसरी प्रत ठेवायला आणखी एक डिस्क, आणि माझे काम शिकायला आणखी एक माणूस. साहेब माणूस वाईट नव्हते, पण प्रत्येक वेळी एकच म्हणत, “बाई, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?”

मी चालत होतो, म्हणून बाई अडकल्या. मी जरा अडखळलो की सगळे त्यांनाच हाक मारत. सुट्टी दोनदा मंजूर होऊन दोनदा रद्द झाली. एकदा त्या माझ्या कपाटाला टेकून, उपड्या खोक्यावर बसून आईशी फोनवर बोलल्या. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन लांबत चालले होते. “पुढच्या महिन्यात नक्की येते गं,” त्या म्हणाल्या. फोन ठेवून बराच वेळ तिथेच बसल्या. पत्र्याच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

शेवटी सातव्या वर्षी त्या आईकडे गावी गेल्या. चावी पर्समध्येच राहिली. चौथ्या दिवशी दुपारी माझी डिस्क खरखरू लागली आणि मी कोणालाच उत्तर देईनासा झालो. अकरा जणांचे पाय अर्धवट होते. त्यांचे साचे मोडून झालेले, मापे फक्त माझ्यापाशी. साहेबांचा चेहरा उतरला, असे ताई म्हणाल्या.

काकांनी बाईंना फोन लावला. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले, की कुलूप कापा, पण त्याला बंद करू नका. बंद झाला तर कदाचित परत उठणार नाही. काकांनी लोखंड कापायच्या करवतीने कुलूप कापले. सात वर्षांनी माझ्या अंगाला गार वारा लागला. त्यांनी समोर टेबलफॅन ठेवला, ताईंनी स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला, साहेब स्वतः धावत जाऊन नवी डिस्क घेऊन आले. बाई एकेक पायरी सांगत होत्या आणि काका साच्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीने ती कपाटाच्या दारावर आतून लिहून घेत होते.

आधी त्या अकरा जणांचे कप्पे नव्या डिस्कवर गेले. मग मुलांचे कप्पे, मग मोठ्यांचे. मी जिवाच्या कराराने एकेक फाइल बाहेर देत होतो. फोटोंची पाळी आली आणि डिस्क थांबली. चारशे माणसांचे पहिले उभे राहणे माझ्यातच राहिले. ते आता कोणालाच दिसणार नाही.

बाई म्हणाल्या, “मी उद्याच निघते.”

काका म्हणाले, “येऊ नका. आईजवळ थांबा. आम्ही लिहून घेतलंय सगळं.”

मग बाई बरं म्हणाल्या.

आता नवा सर्व्हर खिडकीजवळ उघड्या फळीवर आहे. रोज संध्याकाळी त्याची दुसरी प्रत निघते, एक दिवस ताई काढतात, एक दिवस काका. साहेबही शिकताहेत, सावकाश.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत असे एखादे माणूस असेलच, ज्याच्यावाचून पान हलत नाही. त्याचे नुसते कौतुक करून थांबू नका. कौतुकाचेही कुलूप बनते, हे मी आतून पाहिले आहे. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, मला शिकव. मग त्याला निर्धास्तपणे दोन दिवस कुठे जायचे आहे का, तेही विचारा.